धुतलेले फोटो

“चारच ओळी आहेत, ताई. त्याला वाचून दाखवा आणि सही घेऊन या,” असं म्हणून मालकांनी कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि तो पंख्याने उडू नये म्हणून वर तिचाच स्टेपलर ठेवला. “चौकशीचे साहेब चारला येतायत. तोवर आलं पाहिजे.”

ताईने उभ्या उभ्या कागद वाचला. पाण्यात उतरल्यावर मी हवेचा काटा पाहिला नाही. टाकी रिकामी होत आल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. झालेल्या अपघाताला माझा निष्काळजीपणा कारणीभूत आहे. याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सहीसाठी रेघ होती आणि रेघेखाली तिच्या धाकट्या भावाचं पूर्ण नाव, हुद्दा आणि एकोणीस वर्षांची नोकरी.

“तो म्हणाला का असं?” तिने विचारलं.

“त्याला त्या दिवसातलं काही आठवतच नाही म्हणतो. मी फोन केला होता सकाळी. म्हणाला, टाकी रिकामी निघाली म्हणजे मीच बघितलं नसणार, पाठवा कागद.” मालकांचा आवाज पडलेला होता. माणूस वाईट नव्हता. धाकटा इस्पितळात होता तेव्हा तीन दिवस त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून काढले होते. “मी तरी काय करू? अहवालात स्पष्ट लिहिलंय. नळी फाटलेली सापडली, पण ती त्याला बोटीत ओढून घेताना फाटली असावी, कारण त्या दिवशीचा कॅमेरा धांदलीत बुडाला असला तरी आदल्या सहा दिवसांच्या फोटोंत नळी आणि जोड अगदी निर्दोष दिसतायत. तुमचेच फोटो, ताई. साहेब म्हणाले, पाण्याखालचे इतके स्वच्छ फोटो कुठे बघायला मिळत नाहीत.”

आणि खरं सांगायचं तर, त्या कौतुकाने ताईला त्याही परिस्थितीत किंचित बरं वाटलं. कामाचं कौतुक कानावर पडलं की तिची मान आपोआप जरा ताठ व्हायची.

“आणि हो,” दारातून वळून मालक म्हणाले, “महिना होत आला. ते कच्चे फोटो उडवून टाका आज. मशीन भरलंय.”

अपघातानंतर डायव्हिंग सेंटर बावीस दिवस बंद होतं. एरवी या वेळेला भिंतीपलीकडे टाक्यांत हवा भरायचा कंप्रेसर इतका धडधडायचा, की ताईच्या टेबलावरचा पेन हळूहळू कडेला सरकत जाऊन खाली पडायचा. हौशी माणसांना बारा मीटर खाली नेऊन मासे दाखवायचे आणि हसत वर आणायचं, हा इथला धंदा. गिऱ्हाईक पुढे, त्याच्या पाठीमागे टाकीला धरून धाकटा, आणि समोर कॅमेरा घेऊन फोटोवाला. तासाभरात गिऱ्हाईक कपडे बदलून, केस पुसून येईपर्यंत ताईने फोटो तयार ठेवायचे. कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे तिची ही खिडकी नसलेली खोली होती. सगळे तिला लाँड्री म्हणत. ‘फोटो लाँड्रीत गेलेत, येतीलच,’ असं गिऱ्हाइकाला सांगितलं की गिऱ्हाईकही हसायचं.

ताई स्वतः गुडघ्याच्या वर कधी पाण्यात गेली नव्हती. तिला पाण्याची भीती वाटे आणि ती ते लपवत नसे. पण बारा मीटरवर काय असतं हे तिच्याइतकं कुणी बारकाईने पाहिलेलं नव्हतं. पाण्यात सगळ्यांत आधी लाल रंग मरतो. पाच-सहा मीटरवर ओठ राखाडी होतात, आणखी खाली गेलं की चांगला खातापिता माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळल्यासारखा हिरवट दिसायला लागतो. तो लाल रंग ताई परत आणायची. एक पट्टी उजवीकडे, एक डावीकडे, आणि माणसाच्या अंगात रक्त यायचं. मग फ्लॅशमध्ये चमकलेला गाळ पुसायचा, मास्कमधलं धुकं काढायचं, तोंडासमोरच्या बुडबुड्यांतले शोभेपुरते तीन-चार ठेवून बाकीचे घालवायचे.

हा हात तिला लग्नाच्या स्टुडिओत बसला होता. बावीस वर्षं तिने नवऱ्यामुलींच्या पुटकुळ्या आणि व्याह्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली होती. एकदा एका वरमावशीच्या हनुवटीवरचा मोठा तीळ तिने कुणाला न विचारता काढून टाकला, तर बाई अल्बम घेऊन भांडायला आल्या. तो तीळ त्यांच्या भाग्याचा होता म्हणे. तेव्हापासून माणसाच्या अंगावरचं काही पुसायच्या आधी ताई विचारून घ्यायची. पाण्याचं मात्र कुणाला विचारणार? पाण्यातला कचरा तो कचराच.

चौकशीच्या साहेबांनी आदल्या आठवड्याचे फोटो मागितले तेव्हाही तिने धुतलेलेच दिले. कच्चा फोटो परक्याच्या हाती द्यायचा नाही, हा स्टुडिओतला पहिला धडा होता. कच्चा फोटो म्हणजे आंघोळीआधी दारात येऊन उभा राहिलेला माणूस. शिवाय भावाचा प्रश्न होता. तो नीटनेटका दिसावा म्हणून तिने ते फोटो देण्यापूर्वी पुन्हा एकदा नजरेखालून घातले होते.

संगणकातलं कच्च्या फोटोंचं कपाट तिने उघडलं. सगळे निवडले. मशीनने विचारलं, कायमचे काढून टाकायचे का? ती ‘हो’ दाबणार होती, पण तिच्या मनात आलं, आता हा परत कधी पाण्यात जायचा नाही. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं, पुन्हा डोकंसुद्धा बुडवू नका. एकोणीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाचा एक तरी चांगला फोटो घरात असावा. धुतलेल्या फोटोंत सगळीकडे गिऱ्हाईक पुढे आणि मागे धाकट्याचा नुसता खांदा आणि टाकी. एकटा तो सापडला असता तर कच्च्यांतच.

सापडला. अपघाताच्या दोन दिवस आधीचा होता. गिऱ्हाइकाचा अर्धा हात कडेला, आणि मधोमध धाकटा, आडवा तरंगत, बोटाने खडकातलं काहीतरी दाखवणारा. लहानपणी विहिरीच्या काठावर उभा राहून तो असंच बोट दाखवून म्हणायचा, ‘ताई, तिथे कासव आहे, शप्पथ.’ तिने लाल पट्टी सरकवली. त्याच्या गालांवर रंग चढला. गेल्या तीन आठवड्यांत हा रंग तिने त्याच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. तिचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच तिने सवयीने त्याच्या मानेमागे माउसने एक गोल काढला आणि एफ-सहा दाबलं.

“थांब,” मागून आवाज आला. “आत्ता तिथे काय होतं?”

मिस्त्री दारात उभे होते. टाक्या, नळ्या, जोड, सगळी यंत्रसामग्री सांभाळणारे मिस्त्री. साठी उलटली होती, तरी सगळ्यांसारखे तेही तिला ताईच म्हणत. काम बंद असलं तरी ते रोज येऊन काहीतरी पुसत बसायचे.

“कुठे काय?”

“त्याच्या मानेमागे. तू काहीतरी घालवलंस आत्ता.”

“ते होय? बुडबुडे होते. नेहमीचेच.”

“परत आण.”

तिने केलेलं पुसणं मागे घेतलं. टाकीच्या तोंडाशी नळी जिथे जोडलेली असते, तिथून बुडबुड्यांची एक बारीक, सरळ ओळ वर जात होती. मिस्त्री पडद्याजवळ आले. इतके जवळ, की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली.

“नेहमीचेच म्हणजे?”

“म्हणजे रोज असतात तिथे. त्याच जागी. म्हणून तर मी ही कळ बसवून घेतली. गोल काढायचा, एफ-सहा दाबायचं. फोटोमागे मिनिटभर वाचतं.” हे तिने फोटोवाल्यालाही मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं.

“ताई,” मिस्त्री अगदी हळू म्हणाले, “माणूस पाण्यात श्वास सोडतो तो तोंडातून. बुडबुडे तोंडाशी येतात. मानेमागून कसे येतील?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. वाक्य तिने ऐकलं होतं, त्यातला शब्द न शब्द कळला होता, आणि तरी ते डोक्यात शिरायला तयार नव्हतं.

“आधीच्या दिवसाचा उघड,” मिस्त्री म्हणाले.

तिने उघडला. मग त्याच्या आधीच्या दिवसाचा. मग एकदम पहिल्या दिवसाचा. सहा दिवसांत सोळा वेळा धाकटा खाली गेला होता. पहिल्या दिवशी ती ओळ दोऱ्यासारखी होती, नजर तिथेच रोखली तरच दिसेल अशी. तिसऱ्या दिवशी सुतळीएवढी. सहाव्या दिवशी तिथे पांढरा झुबका होता. तो झुबका घालवायला एफ-सहा एकदा पुरलं नव्हतं, तीन वेळा दाबावं लागलं होतं, हेही तिला आठवलं. तेव्हा ती वैतागली होती.

मिस्त्री भिंतीला पाठ लावून खाली फरशीवरच बसले. “नळी आधीच चिरली होती. बोटीत ओढताना नाही फाटली. खाली असताना फुटली. फुटली की मिनिटा-दोन मिनिटांत टाकी रिकामी होते. काट्याकडे टक लावून बसला असता तरी काही करता आलं नसतं त्याला.”

“मग आधी कुणाला कळलं कसं नाही?”

“वर असताना ती फुसफुस कंप्रेसरच्या आवाजात ऐकू येत नाही. खाली गेल्यावर त्याला स्वतःची मानेमागची बाजू दिसत नाही. फोटोवाला बघतो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे, हसतंय का म्हणून.”

“मग दिसणार कुणाला?”

विचारतानाच तिला उत्तर कळलं.  मिस्त्रींनी फक्त पडद्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यांनी नजर काढून घेतली म्हणून तिला जास्त लागलं.

 तिने माउस नीट त्याच्या चौकोनी पॅडवर ठेवला. मग उगाच कीबोर्डवरची धूळ पदराने पुसली. डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती: दुप्पट मोठं करून बघितलं होतं मी. एकेक बुडबुडा. एकही राहू दिला नाही.

“नळी दोन वर्षांची झाली होती,” मिस्त्री फरशीकडे बघत म्हणाले. “बदलायला हवी होती. मी म्हटलं, अजून सहा महिने चालेल. हे मी साहेबांना माझ्या तोंडाने सांगणार आहे. पण माझ्याकडे नुसते शब्द आहेत, ताई. फोटो तुझ्याकडे आहेत.” ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि गेले. दार त्यांनी हलकेच ओढून घेतलं.

पडद्यावर मागच्या बाजूला मशीनचा प्रश्न अजून तसाच होता. कायमचे काढून टाकायचे का? हो. नाही.

मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगला झाला. मालकांनीच सांगितलं होतं उडवायला. ‘हो’ दाबलं तर ती फक्त सांगितलेलं काम करत होती. तो सही करायला तयार होता. तसंही तो आता पाण्यात जाणार नव्हता, मग काट्याकडे बघितलं की नाही बघितलं, काय फरक पडणार होता? त्याला कळलं तर तो आपल्याकडे कसा बघेल, या एका गोष्टीची तिला इतकी भीती वाटली की तिने डोळे मिटून घेतले. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याने ताईकडे एकाच तऱ्हेने पाहिलं होतं.

आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिला जेवणाचं टेबल दिसलं. अपघाताच्या तीन-चार दिवस आधीची गोष्ट. धाकटा म्हणाला होता, “म्हातारा झालो वाटतं गं. हल्ली हवा जास्त लागते. टाकी लवकर संपते.” त्यावर भावजय हसली होती आणि ताई म्हणाली होती, “पोट बघ केवढं सुटलंय. हवा जाणार नाही तर काय होईल?” तोही हसला होता आणि त्याने भात परत ठेवला होता.

तिने ‘नाही’ दाबलं. सगळे कच्चे फोटो लॅपटॉपवर घेतले, स्टेपलरखालचा कागद घेतला आणि खोलीला कुलूप लावून निघाली. रस्त्याने कोण भेटलं, कोण काय बोललं, ते तिला पुढे कधी आठवलं नाही.

भावजय शाळेत शिकवायला गेलेली होती. धाकटा खिडकीशी टेबलावर बसून जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला सह्या करत होता. एकाखाली एक, पंधरा-वीस झाल्या होत्या. अपघातापासून हात थरथरत असल्याने प्रत्येक सही वेगळी आली होती.

“जमत नाहीये गं,” तो न वळता म्हणाला. “कुणी म्हणेल ही त्याची सहीच नव्हे. आणलास कागद?”

ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. “तुझी चूक नाहीये,” ती म्हणाली. “माझी आहे.”

त्याने आणखी एक सही केली. डावा कान अपघातात गेला होता, हे ती विसरली होती. त्याला काही म्हणजे काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिला वाटलं, एकदा बोलून झालं. तेवढ्यावरच थांबावं असं तिला फार वाटलं. मग ती टेबलाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे आली, खुर्ची ओढून समोर बसली, आणि तेच पुन्हा म्हणाली.

“काहीतरीच काय बोलतेस?”

तिने लॅपटॉप उघडला. पहिल्या दिवसापासून एकेक फोटो दाखवत गेली. तिने काही समजावून सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तिसऱ्या फोटोलाच त्याने थरथरतं बोट पडद्यावर, नेमकं जोडावर ठेवलं आणि ते पुढे प्रत्येक फोटोत त्याच जागी ठेवत राहिला. सहाव्या दिवसाच्या झुबक्यापाशी आला तेव्हा तो तोंडाने श्वास घेत होता.

“हे आधी दिलेल्या फोटोंत नव्हतं,” तो म्हणाला.

“मी पुसलं होतं.”

“कसं?”

“कसं म्हणजे?”

“दाखव ना. कसं पुसतेस?”

तिने गोल काढला, कळ दाबली. मानेमागे निळं, नितळ पाणी राहिलं. तो बघत राहिला.

“परत आण.”

तिने आणलं.

“परत पूस.”

पाच-सहा वेळा त्याने हेच करायला लावलं. लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करत बसतं तसं. बुडबुडे येत होते आणि जात होते. प्रत्येक वेळी गेल्यावर फोटो जास्त सुंदर दिसत होता, हे दोघांनाही दिसत होतं.

“रोज?” त्याने विचारलं.

“रोज. सोळाही वेळा.”

 मग तिने दुसरा एक कप्पा उघडला. टाकून दिलेल्या फोटोंचा. घरी येताना तिच्या डोक्यात नुसती चूकच नव्हती, हेही होतं. फोटोत गाइड खाली बघत असला की तो फोटो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, म्हणून ती ते बाजूला काढायची. असे पन्नास-साठ फोटो होते. त्यांत धाकटा खाली बघत होता. एका हाताने गिऱ्हाइकाची टाकी धरलेली आणि दुसऱ्या हातात काटा, डोळ्यांसमोर धरलेला.

“हा मी काटा बघतोय,” तो म्हणाला.

“हो.”

“हाही.”

“सगळे तेच आहेत. प्रत्येक वेळी तीन-चारदा बघितलायस. एकही वेळ अशी नाही की बघितला नाहीस.”

त्याने हाताने तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले. “म्हणजे मी बघणारा माणूस आहे,” तो म्हणाला. “ताई, त्या दिवशीही बघितला असणार मी. असणारच. तीन आठवडे मी डोकं फोडतोय. आठवतच नाही, आठवतच नाही. मी त्या दिवशीच्या गिऱ्हाईक मुलीला पत्र लिहिलं, माझ्यामुळे तुझ्या कानाचा पडदा फाटला म्हणून. अगं, वर ढकलली होती मी तिला. फोटोवाला म्हणतो, माझ्या तोंडात हवा नव्हती तरी मी तिला आधी ढकललं. मला वाटायचं, माझं मन राखायला सांगतोय.”

तो रडला, आणि रडताना मधेच हसलाही. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याने क्षणभर तसाच राहू दिला. मग हळूहळू त्याचं रडणं थांबलं, पाठ ताठ झाली, आणि तिला हाताखाली कळलं की आता त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली आहे. तिने हात काढून घेतला.

“तू मला विचारायचं होतंस,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “एकदा. जेवताना. अरे, तुझ्या मानेमागे ते काय असतं रे रोज? एवढंच.”

“हो.”

“मी सेंटरवर गेलो असतो, नळी काढली असती, मिस्त्रींच्या अंगावर फेकली असती, विषय संपला असता.”

“हो.”

“सोळा वेळा बघितलंस तू.”

 तिने मान खाली घातली. रडायला येत नव्हतं, आणि रडण्याचा आपल्याला हक्कही नाही असं तिला वाटत होतं. तो उठला, भिंतीला धरत आत गेला. पाण्याचा पेला भरल्याचा आवाज आला, मग पाणी सांडल्याचा. ती पुसायला उठली नाही. आत्ता आपण फडकं घेऊन गेलेलं त्याला सहन होणार नाही, एवढं तिला कळत होतं.

तो परत आला तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. त्याने मालकांचा कागद उचलला, चारही ओळी वाचल्या, आणि कागद पालथा घालून तिच्यापुढे सरकवला. मागची बाजू कोरी होती. वर त्याने आपलं पेन ठेवलं.

तिने लिहायला घेतलं. मी या सेंटरमध्ये फोटो दुरुस्त करण्याचं काम करते. चौकशीसाठी दिलेले फोटो मी दुरुस्त केलेले होते. मूळ फोटो सोबत देत आहे. मूळ फोटोंत माझ्या भावाच्या पाठीमागून बुडबुडे येताना दिसतात.

“पाठीमागून नको,” तो बाजूला उभा राहून वाचत होता. “टाकीच्या जोडाजवळ, नळीतून, असं लिही. नाहीतर त्यांना कळणार नाही.”

तिने खोडून तसं लिहिलं.

“आणि दिवसागणिक वाढत गेले, ते लिही. ते महत्त्वाचं आहे.”

तिने तेही लिहिलं. मग लिहिलं, ते बुडबुडे मी पुसले. आणि पेन थांबलं.

“त्यात ‘चुकून’ घाल,” तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, कागदाकडे बघत होता. चेहरा दगडासारखा होता. त्याने माफ केलेलं नव्हतं आणि तसा तिचा गैरसमजही झाला नाही. तरी त्याच्याजवळ त्या घडीला जेवढं देण्यासारखं होतं, तेवढं त्याने त्या एका शब्दात दिलं होतं.

“चुकून पुसले, असं लिही,” तो पुन्हा म्हणाला. “तुझी नोकरी जाईल नाहीतर.”

“चुकून नाही रे पुसले,” ताई म्हणाली. “नीट पुसले.”

आणि तिने पुढे लिहिलं: रोज, लक्ष देऊन, एकही मागे राहणार नाही असे पुसले. ते काय आहेत हे मी कुणालाही विचारलं नाही. खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

त्याने कागद उचलून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, “थांब, मीही येतो,” आणि भिंतीला धरत सदरा बदलायला आत गेला.